विंडोज ११ वर एक्सपीतलं जुनं पेंट परत आणता येईल का? (आईच्या मणीकामासाठी)

खेतवाडीकर | शनिवार, रात्री १०.४२

मंडळी, प्रश्न वाचून हसाल. पण घरात चार दिवस यावरून धुसफूस चालू आहे, म्हणून टाकतोच.

आई मण्यांची तोरणं करते. आमच्या आळीत कुणाचं लग्न ठरलं की रुखवतातलं तोरण, महिरप, पाटाभोवतीची झालर, "काकू, एवढं तुम्हीच करा" म्हणत माणसं येतात. पूर्वी ती चौकटीच्या वहीत रंगीत पेन्सिलींनी नक्षी काढायची. मग एमएस-सीआयटीचा कोर्स केला, तिथे एक्सपीवरचं पेंट हाताखालून गेलं आणि बाईंची ट्यूब पेटली. झूम केल्यावर दिसणारा एक चौकोन म्हणजे एक मणी! वही गेली माळ्यावर. तेव्हापासून मोर, कुयरी, हत्ती, कलश, सगळं पेंटमध्ये.

तो जुना डबा या पावसाळ्यात गेला. बटण दाबलं, आतून जळका वास, खेळ खलास. मी हौसेने नवा लॅपटॉप आणला, विंडोज ११ वाला. पेंट उघडून दिलं, म्हटलं हे घे तुझं पेंट. तिने लाल रंगात एक लंबगोल काढला, झूम केलं आणि मला हाक मारली.

"अरे, ह्याच्या कडेला हे गुलाबी मणी कुठून आले?"

खरंच होते. लाल रेघेच्या दोन्ही अंगांना फिके, त्याहून फिके, जवळजवळ पांढरे असे चौकोन. मी म्हटलं, आई, ते नजरेला गुळगुळीत वाटावं म्हणून असतं. त्यावर, "नजरेला वाटू दे. मी हे पाच जातींचे गुलाबी मणी भुलेश्वरात कुणाकडे मागू?"

मी पेंट काढून टाकलं, स्टोअरमधून परत घेतलं. तेच आलं. जुनी आवृत्ती द्या असं म्हणायची सोय कुठे दिसत नाही. एक्सपीतलं पेंट विंडोज ११ वर चालतं का? तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्ताची ऑर्डर हातात आहे. मदत करा.

दिडमुठी | शनिवार, रात्री १०.५८

वीस वर्षं जुनं सॉफ्टवेअर कशाला उकरून काढताय? काकूंना नवं शिकवा. चार दिवसांत सवय होईल.

खेतवाडीकर | शनिवार, रात्री ११.०३

दिडमुठी, शिकवायला बसलोच होतो. तिने लेयर शिकून घेतला, बॅकग्राउंड काढायचंही शिकली, आणि म्हणाली, "छान आहे. आता गुलाबी मणी काढ." तिथे माझी विद्या संपली.

अनुस्वार | शनिवार, रात्री ११.३१

काकूंचं शंभर टक्के बरोबर आहे. हा सवयीचा प्रश्नच नाही.

पडदा म्हणजे चौकोनांची जाळी. तिच्यावर तिरकी रेघ काढली की पायऱ्या दिसणारच. त्या पायऱ्या डोळ्यांना टोचू नयेत म्हणून रेघेच्या कडेच्या चौकोनांत मधल्या छटा भरतात, याला अँटी-अलायसिंग म्हणतात. एक्सपीपर्यंतचं पेंट ही भानगड करायचं नाही. चौकोन एकतर लाल, नाहीतर पांढरा. २००९ साली विंडोज ७ बरोबर जे पेंट आलं, वरती रिबन असलेलं, तिथून रेघा आणि आकार गुळगुळीत व्हायला लागले आणि ते बंद करायचं बटण काही दिलं नाही. म्हणजे तुमच्या घरात आत्ता उमटलेलं भांडण बाहेर २००९ पासून चालू आहे.

याचा दुसरा त्रास त्यांच्या अजून लक्षात आला नसेल. त्या लंबगोलात बादलीने पिवळा रंग ओता. बादली सारख्या रंगाच्या चौकोनांतच पसरते, त्यामुळे पिवळा आणि लाल यांच्या मध्ये गुलाबी कड तशीच अडकून राहते. मग एकेक चौकोन टिपून बदलत बसायचं.

तात्पुरता उपाय: नव्या पेंटमध्येही पेन्सिल एक पिक्सेल (म्हणजे एक चौकोन) जाडीवर ठेवली तर ती स्वच्छ चालते, छटा सोडत नाही. फक्त रेघ, वक्र, लंबगोल ही हत्यारं वापरायची नाहीत. म्हणजे मोराची मान हाताने एकेक ठिपका देत काढायची.

(मी क्रॉस-स्टिचचे आलेख करते. दोसुतीवर एक चौकोन म्हणजे एक फुली, त्यामुळे दुखणं अगदी तेच.)

जुनाट | शनिवार, रात्री ११.५०

चालतं. मी स्वतः वापरतो.

एक्सपीतलं पेंट म्हणजे एकच फाइल आहे, एमएसपेंट डॉट ईएक्सई. सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरमध्ये सिस्टिम३२ आहे, त्यात असते. ती उचलायची, नव्या लॅपटॉपवर एखाद्या साध्या फोल्डरमध्ये ठेवायची, दोनदा क्लिक करायचं, उघडतं. इन्स्टॉल वगैरे काही नाही. बटणं, मेनू, सगळं त्या एका फाइलीच्या पोटात आहे. तिला चालायला लागणारी जुनी एमएफसीची लायब्ररी (मायक्रोसॉफ्टचीच जोडफाइल) विंडोज ११ मध्येही अजून भरलेली असते. ३२ बिटी प्रोग्राम ६४ बिटी विंडोजवर चालतो, त्याची काळजी नको. (विंडोज ३.१ मधलं १६ बिटी पेंटब्रश मात्र चालणार नाही. मी करून बघितलंय, हौसेला मोल नाही.)

दोन गोष्टी करू नका. एक, नव्या पेंटची फाइल शोधून तिच्या जागी ही बसवायला जाऊ नका. विंडोज ११ मध्ये पेंट हे स्टोअरमधलं ॲप झालंय, कुलूपबंद फोल्डरमध्ये असतं, आणि बसवलंत तरी पुढच्या अपडेटला पुसलं जाईल. दोघांना शेजारी शेजारी नांदू द्या. दोन, ही फाइल नेटवरून कुठूनही उतरवू नका.

पमा_परळ | रविवार, सकाळी ८.१५

का बरं? मी "क्लासिक पेंट" म्हणून शोधलं तर पन्नास साइट दिसतात. एका क्लिकचं काम.

जुनाट | रविवार, सकाळी ८.४०

पमाताई, त्या एका क्लिकबरोबर काय काय घरात येतं ते आम्ही दुकानात रोज निस्तरतो. ब्राउझरचं पहिलं पान बदललेलं, कोपऱ्यात जाहिराती नाचताहेत, आणि गिऱ्हाईक म्हणतं, मी काहीच केलं नाही हो. त्यात फाइल मायक्रोसॉफ्टची, वाटणारा भलताच. ज्याच्याकडे स्वतःच्या मशीनची एक्सपी आहे त्याने बाहेर हात पसरायचं कारण काय?

खेतवाडीकर, जुन्या डब्याची हार्डडिस्क शाबूत आहे का? वास आला म्हणताय, म्हणजे बहुतेक एसएमपीएस, म्हणजे डब्याला वीज पुरवणारा भाग, गेला असेल. दमट हवेत आणि विजेच्या खेळात तोच आधी जातो. डिस्क जिवंत असण्याची शक्यता चांगली आहे. नाहीतर एक्सपीची सीडी शोधा. तिच्यात आय३८६ नावाचं फोल्डर असतं, त्यात पेंटची फाइल दाबून भरलेली असते, ईएक्सईच्या शेवटच्या अक्षराऐवजी अंडरस्कोर असलेली. कमांड प्रॉम्प्टमध्ये एक्सपांड ही आज्ञा देऊन, पुढे हे नाव आणि नवं नाव लिहिलं की मोकळी होते.

दिडमुठी | रविवार, सकाळी ९.०२

सीडी ओरिजिनल होती का हे विचारू नका, त्यांना गिरगावात राहायचंय.

खेतवाडीकर | रविवार, सकाळी ९.२०

😀 ती लॅपटॉपच्या आधीच्या काळातली गोष्ट, वडिलांनी जोडून घेतलेला डबा. सीडी कुठेतरी गणपतीच्या आरत्यांच्या सीडींत मिसळलीय, सापडत नाही. डिस्क काढली आहे. मागे रुंद, चपट्या पट्टीची जागा आहे, पिनांच्या दोन रांगा. ही लॅपटॉपला कशी लावू?

जुनाट | रविवार, सकाळी ९.४४

ती आयडीई, डिस्क जोडायची जुनी पद्धत. लॅमिंग्टन रोडला "आयडीई टू यूएसबी कन्व्हर्टर" मागा. नुसती केबल देत असतील तर घेऊ नका. साडेतीन इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर फिरत नाही, तिला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, तो संचात हवा. आज रविवार, बरीचशी दुकानं बंद. उद्या जा. आणि डिस्कच्या मागे पिनांवर बसणारं एक इवलंसं टोपण, जंपर, असेल, ते मास्टरवर (मुख्य डिस्क) आहे का बघा. स्लेव्हवर (दुय्यम) असेल तर कधीकधी दिसत नाही आणि माणूस उगाच डिस्क मेली म्हणून रडतो.

लावल्यावर पहिलं काम: विंडोजच्या डिफेंडर अँटीव्हायरसने पूर्ण डिस्क तपासा. त्या काळातल्या पेन ड्राइव्हच्या वायरसांची पिलावळ तिथे सुखाने झोपलेली असेल.

कोरा_कागद | रविवार, दुपारी १.०५

वरण-भात जेवून उठलोय, थोडं अवांतर चालवून घ्या.

पेंट विंडोजइतकंच जुनं आहे. नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोज १.० आलं त्याच्यासोबतच होतं. मुळात झेडसॉफ्ट नावाच्या कंपनीचं पीसी पेंटब्रश, त्याचा परवाना घेऊन केलेलं, आणि ते फक्त काळंपांढरं. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये रंगीत पेंटब्रश झालं. विंडोज ९५ मध्ये नाव आखूड होऊन पेंट राहिलं. पण त्यानंतरही कितीतरी वर्षं रन मध्ये "पीब्रश" लिहिलं की पेंट उघडायचं. सासरचं नाव लागलं तरी माहेरच्या नावाने हाक मारली की ओ द्यायचं.

जुलै २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने पेंटला जायच्या यादीत टाकलं होतं, कारण पेंट थ्रीडी आणलं होतं. जगभर इतकी ओरड झाली की लगोलग सांगावं लागलं, नाही, नाही, पेंट राहील. गंमत म्हणजे वारस म्हणून आणलेलं पेंट थ्रीडीच नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टोअरमधून गेलं आणि म्हातारं अजून आहे.

कामाचं एक: मी विंडोज ७ चं पेंट असंच उचलून आणायचा प्रयत्न केला होता. नुसती ईएक्सई उचलली तर उघडतच नाही. व्हिस्टापासून मेनूंची भाषा वेगळ्या एमयूआय फाइलीत ठेवायला लागले, तीही तिच्या भाषेच्या नावाच्या फोल्डरसकट न्यावी लागते. एक्सपीचं तसं नाही. अर्थात काकूंना ७ चं उपयोगाचं नाहीच, रोग तिथूनच सुरू झालाय.

आजोबा_अंधेरी | रविवार, संध्याकाळी ६.३०

मी निवृत्त बँक अधिकारी, वय ७४. माझ्याकडे एक्सपीचा संगणक अजून चालू आहे. त्यावर पेंटमध्ये नातीसाठी चित्रे काढतो. आपल्या मातोश्रींना तो हवा असल्यास घेऊन जावा. फक्त इंटरनेटला जोडू नये, एक्सपीचे सुरक्षा अपडेट एप्रिल २०१४ पासून बंद आहेत.

खेतवाडीकर | रविवार, संध्याकाळी ६.५२

आजोबा, तुमच्या मनाचा मोठेपणा. पण नातीच्या चित्रांचं काय होईल! राहू द्या. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "त्यांना तोरण पाठवू."

पमा_परळ | सोमवार, दुपारी २.१०

डिस्क मिळेपर्यंत जेएस पेंट बघा. ब्राउझरमध्ये उघडतं, जुन्या पेंटची हुबेहूब नक्कल, तीच बटणं, तोच खालचा रंगांचा पट्टा. रेघाही जुन्यासारख्या पायऱ्यापायऱ्यांच्या. आणि अनडू कितीही वेळा. एक्सपीत तीनदाच व्हायचं, आठवतंय का? चौथी चूक झाली की गेलं चित्र.

अनुस्वार | सोमवार, दुपारी २.४५

+१. मी बरेच आलेख त्यातच करते. पण ब्राउझरच्या भरवशावर मोठं काम ठेवायचं तर अधूनमधून फाइल उतरवून ठेवायची शिस्त हवी.

खेतवाडीकर | मंगळवार, रात्री ११.२८

चालू झालं! सविस्तर लिहितो, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

काल ऑफिस सुटल्यावर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. तिसऱ्या दुकानात अडॅप्टरसकट संच मिळाला. दुकानदाराने डिस्क हातात घेऊन कानाशी नेऊन हलवली, नारळ निवडतात तशी, आणि म्हणाला, "चालेल." जंपर मास्टरवरच होतं. घरी लावली. आधी कर्र, मग सूंऽऽ असा तो जुना आवाज आला आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आला का तो?" जणू कुणी गावाहून यायचं होतं.

डिफेंडरने तपासलं, जुनाट म्हणाले तशी दोन पिलं निघाली, मारली. मग सिस्टिम३२ मधून पेंट उचललं. फाइलीचं नाव बदलून जुनंपेंट केलं. ही युक्ती माझी. नाव तेच ठेवलं असतं तर पुढे "ओपन विथ" मध्ये कुठलं पेंट कुठलं याचा गोंधळ झाला असता. दोनदा क्लिक केलं, आणि डावीकडे सोळा हत्यारं, खाली दोन ओळींत अठ्ठावीस रंग. आईने आधी लंबगोल काढला, झूम आठपट, कंट्रोल जी दाबून जाळी आणली, चष्मा वर केला आणि कडेने बोट फिरवत गेली. एकही गुलाबी मणी नाही.

मग डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जमध्ये तिचं फोल्डर उघडायला गेलो तर परवानगी नाही असा निरोप. खाली कंटिन्यू होतं, दाबलं, थोडा वेळ चाळलं आणि उघडलं. आत २००६ पासूनच्या नक्ष्या. एकूण १३७. सगळ्या बीएमपी, नावं अशी: "शिंदेकाकू मोर", "शिंदेकाकू मोर बरोबर", "शिंदेकाकू मोर बरोबर २".

एक अडचण उरली. पेंटची खिडकी जरा धूसर दिसते, डोळ्यावर सारा आल्यासारखी. चौकोनाच्या कडाही पुसट. लॅपटॉपचा दोष की फाइलीचा?

अनुस्वार | बुधवार, सकाळी ७.५०

वा वा! १३७ वाचून अंगावर काटा आला. आधी त्यांची दुसरीकडे प्रत करा, बाकी सगळं नंतर.

धूसरपणाचं कारण: लॅपटॉपचं डिस्प्ले स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असणार. जुन्या पेंटला स्केलिंग हा प्रकारच ठाऊक नाही, म्हणून विंडोज त्याचं तयार चित्र ताणून मोठं करतं. एक चौकोन सव्वा चौकोनावर बसवायचा म्हटल्यावर पुसट होणारच. जुनंपेंटवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. तिथे खालच्या ओव्हरराइडवर खूण करा आणि "ॲप्लिकेशन" निवडा. मग एकाला एक होईल. हत्यारांची बटणं बारीक दिसतील हा तोटा, पण नक्षी स्वच्छ.

खेतवाडीकर | बुधवार, रात्री ९.३६

झालं. स्वच्छ. बटणं बारीक झालीत, पण म्हणाली, "बटणं मला न बघता येतात."

अनुस्वार | बुधवार, रात्री ९.४८

मला आता काकूंकडूनच शिकायचंय. त्या लंबगोल का काढतात? मोराचा डोळा तर गोल असतो ना?

खेतवाडीकर | बुधवार, रात्री १०.२०

विचारलं. ती जे बोलली ते जसंच्या तसं टंकतो.

"पेंटातला चौकोन चौरस आहे, मणी चौरस नाही. मणी चपटा असतो. भोक आडवं धरून ओवला की रुंदीला कमी भरतो, उंचीला जास्त. पेंटात गोल काढलास तर तोरणात अंड्यासारखा उभट येतो. म्हणून डोळा आडवट काढायचा, मग ओवल्यावर गोल होतो. किती आडवट, ते मण्यावर आहे. आधी दहा बाय दहाचा तुकडा ओवायचा, पट्टी लावायची, मग काढायचं."

एवढी वर्षं शेजारी बसून जेवतोय, मला हे आज कळलं.

आणखी एक तिने करून दाखवलं. खोडरबर घ्यायचं, पुढचा रंग लाल ठेवायचा, मागचा मरून, आणि उजवं बटण दाबून फिरवायचं. तो फक्त लालच पुसतो आणि त्याच्या जागी मरून ठेवत जातो, बाकी रंगांना हात लावत नाही. भुलेश्वरात लाल मणी संपले आणि मरूनच मिळाले की हे करते म्हणाली.

जुनाट | बुधवार, रात्री १०.४१

वीस वर्षं याच धंद्यात आहे, उजव्या बटणाचं मला माहीत नव्हतं. दंडवत.

दिडमुठी | बुधवार, रात्री १०.५५

मी पहिल्या प्रतिसादातले शब्द मागे घेतो. मरून मण्यांसकट.

पमा_परळ | गुरुवार, दुपारी १२.३०

तोरणावर अक्षरं कशी घालतात? "शुभविवाह" वगैरे? मी काल जेएस पेंटमध्ये टाइप करून बघितलं, अक्षरांच्या कडेला परत रंगीत चौकोन.

अनुस्वार | गुरुवार, दुपारी १.१५

तो अक्षरांचा गुळगुळीतपणा, वेगळा. तुमच्या पेंटमध्ये त्याचं काय करायचं ते बघावं लागेल, पण एक्सपीच्या पेंटमध्येही हे होतं, कारण अक्षरं विंडोजच काढून देतं आणि क्लिअरटाइप (अक्षरं गुळगुळीत दाखवायची विंडोजची सोय) चालू असेल तर कडेला तांबडे-निळे ठिपके सोडतं. विंडोजच्या परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये "स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स" ही खूण काढली, पेंट परत उघडलं, की जातं. काम झालं की खूण परत करा, नाहीतर बाकी सगळं वाचताना डोळे दुखतील. आणि मंगल फॉन्ट नवीन विंडोजमध्ये आपोआप नसतो, ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स घ्यावे लागतात.

खेतवाडीकर | गुरुवार, रात्री ९.०५

आई फॉन्टच्या वाटेला जात नाही. तिची स्वतःची अक्षरं आहेत, अठरा मणी उंच. फोल्डरमध्ये "अक्षरे" नावाची एक फाइल सापडली, तिच्यात क पासून ज्ञ पर्यंत सगळी ओळीने मांडलेली, वेलांट्या-उकार खाली वेगळे. लागेल ते अक्षर निवडायचं, कंट्रोल दाबून ओढायचं, त्याची प्रत निघते, शिरोरेघेला शिरोरेघ चिकटवायची. शिरोरेघ दोन मणी जाड, कारण एक मणी जाड ठेवली तर दोरा ओढल्यावर खाली झुकते. "भ" ची गाठ तिला तीन वेळा बदलावी लागली होती, लांबून "म" वाचायचे लोक. शुमविवाह!

आता शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. छापायचं कसं? जाळी पडद्यावर दिसते, कागदावर येत नाही. जुन्या प्रिंटरवर ती काय करायची ते तिलाही आठवत नाही, वडील करून द्यायचे.

जुनाट | गुरुवार, रात्री ९.४०

जाळी छापली जात नाही, ती नुसती दाखवायची असते. खरी जाळी काढावी लागेल. चित्र केवढं आहे?

खेतवाडीकर | गुरुवार, रात्री ९.४३

१२० बाय ४०. म्हणजे ४,८०० मणी.

जुनाट | गुरुवार, रात्री १०.१८

आधी मूळ फाइलची प्रत करा, प्रतीवरच काम. कंट्रोल डब्ल्यू दाबून स्ट्रेच उघडा. एका दमात ५०० टक्क्यांच्या वर घेत नाही, म्हणून आधी आडवं-उभं दोन्ही ५००, मग परत दोन्ही २००. झालं दहापट, १,२०० बाय ४००. एक मणी आता दहा बाय दहाचा.

दुसऱ्या कोऱ्या चित्रात तेवढ्याच मापाची जाळी काढा, पांढऱ्यावर काळ्या रेघा, दर दहा चौकोनांना एक, म्हणजे दर मण्याला एक. सगळ्या हाताने काढू नका. दोन काढा, प्रत करून चार, चाराच्या आठ. जाळी नावाने सेव्ह करून ठेवा, जन्मभर पुरेल. मग मोराच्या प्रतीत एडिटमधून पेस्ट फ्रॉम, जाळी निवडा. हत्यारांच्या खाली दोन चित्रं येतात, त्यातलं खालचं दाबा आणि मागचा रंग पांढरा ठेवा. पांढरं सगळं नाहीसं होतं आणि नुसत्या रेघा मोरावर बसतात. पेज सेटअपमध्ये फिट टू एक बाय एक, कागद आडवा.

अनुस्वार | गुरुवार, रात्री १०.२५

दर दहाव्या मण्याला रेघ जाड करा, मोजायला बरं पडतं.

आणि कृपया जेपीजीमध्ये सेव्ह करू नका, ती जागा वाचवायला कडा बिघडवते, पुन्हा गुलाबी मणी. बीएमपीत काही दडवादडवी नाही: चौकोनाला तीन बाइट आणि वर ५४ बाइटचं मथळ्याचं सामान. १२० बाय ४० म्हणजे १४,४५४ बाइट, पै न पै हिशोबाला. व्हॉट्सॲपवर गिऱ्हाईकाला पाठवायची प्रत वेगळी करा, ती परत उघडून तिच्यावर काम करू नका.

मण्यांची मोजदाद हवी असेल तर मूळ फाइल पाठवा, पायथन भाषेतला चार ओळींचा छोटा प्रोग्राम, स्क्रिप्ट, आहे माझ्याकडे, कुठल्या रंगाचे किती ते सांगते.

खेतवाडीकर | शुक्रवार, रात्री ८.५०

छापलं. पहिल्या कागदावर जाळी एका चौकोनाने सरकली होती, दुसऱ्यात बरोबर आली. अनुस्वार, तुमच्या स्क्रिप्टने सहाच रंग दाखवले, सहाच होते. आई म्हणाली, "मी दर वेळी बोटांनी मोजून वर शंभर घ्यायचे." तिचं हाताने मोजलेलं आणि स्क्रिप्टचं यात चौदा मण्यांचा फरक निघाला. स्क्रिप्ट बरोबर असणार असं मी म्हटलं, तर कागदावर परत मोजायला बसली आहे.

पमा_परळ | शुक्रवार, रात्री ९.१२

काकूंना सांगा, मला पण एक हवंय. घाई नाही. दार तीन फुटाचं आहे.

खेतवाडीकर | शुक्रवार, रात्री ९.३०

फुटात नको म्हणते. वरच्या चौकटीचं माप आतल्या बाजूने घ्या, सेंटिमीटरमध्ये. दोन ठिकाणी घ्या, चाळीतली दारं सरळ नसतात. आणि दार आत उघडतं की बाहेर ते कळवा, बाहेर उघडत असेल तर झालर आखूड ठेवावी लागते.